३७ विरुद्ध २१ : एका विधेयकाचे मतदान



विधेयकाचा कायदा कसा होतो हा धडा मुले तोंडपाठ करतात. वाचने, दोन सभागृहे, राज्यपालांची सही. परीक्षेत गुण मिळतात आणि विषय संपतो. या अंकात आम्ही एकच खरे मतदान घेऊन तो धडा पुन्हा मांडणार आहोत. विषय जमिनीचा आहे, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनीही वाचावा.

आपल्या जिल्ह्यात कूळकायदा घराघरात माहीत आहे. कर्नाटकाचा भूसुधारणा कायदा १९६१ चा. देवराज अरस मुख्यमंत्री असताना त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ मार्च १९७४ पासून लागू झाली. कुळांनी कसलेली जमीन आधी सरकारकडे गेली आणि मग, ७ नंबरचा फॉर्म भरून न्यायमंडळापुढे हक्क सिद्ध करणाऱ्या कुळाला मिळाली. ‘उळुववने होलदोडेय’, म्हणजे कसेल तोच शेताचा धनी, ही घोषणा जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याच दुरुस्तीने दोन कुंपणे घातली. कलम ७९ अ प्रमाणे शेतीबाहेरचे उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असणाऱ्याला शेतजमीन घेता येत नसे (२०१५ पासून ही मर्यादा वर्षाला २५ लाख रुपये होती). कलम ७९ ब प्रमाणे शेतकरी नसलेल्याला ती बाळगता येत नसे.

२०२० साली सरकारने ही दोन्ही कलमे काढून टाकण्याचे ठरवले. जुलैमध्ये वटहुकूम निघाला, सप्टेंबरमध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केले, पण विधान परिषदेत ते अडले. सरकारचे म्हणणे असे की शेती करू इच्छिणाऱ्या कोणालाही जमीन घेता यावी, गुंतवणूक यावी, आणि या कलमांच्या नावाने होणारा छळ थांबावा. शेतकरी संघटनांचे म्हणणे असे की पैसेवाला दारात उभा राहिला की लहान शेतकरी विकून मोकळा होईल. जोयड्यासारख्या तालुक्यात, जिथे बहुतेक भाग जंगलाचा आणि शेती थोडीच, तिथे हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही.

परिषदेत सत्ताधारी भाजपकडे स्वतःचे बहुमत नव्हते. ८ डिसेंबर २०२० रोजी जनता दलाने (धर्मनिरपेक्ष) साथ दिली आणि विधेयक ३७ विरुद्ध २१ मतांनी मंजूर झाले. काँग्रेस विरोधात होती.

आता वहीत आकडा मांडा. परिषदेच्या जागा ७५. त्यांचे निम्मे साडेसदतीस, मग ३७ मतांनी विधेयक कसे मंजूर झाले? कारण साधे विधेयक हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने मंजूर होते. मते पडली ५८, त्यांत ३७ हे स्पष्ट बहुमत. सभापती एरवी मत देत नाहीत, मते समसमान झाली तरच देतात. ते सोडले तर बाकीच्या जागांचे काय, हा प्रश्न मुलांनी विचारलाच पाहिजे. गैरहजर सभासदाची गणती कोणत्याच बाजूला होत नाही, पण निकालावर तिचा परिणाम होतो.

हे सगळे आपण बोलू शकतो, कारण त्या दिवशी मते मोजली गेली. एरवी बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे याला ‘ध्वनिमत’ म्हणत, आणि कन्नड वर्तमानपत्रेही तोच शब्द छापतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’. मग आवाजावरून निकाल. दोनच महिन्यांनी, ८ फेब्रुवारी २०२१ रोजी, याच परिषदेत गोहत्या प्रतिबंधक विधेयक गोंधळातच आवाजी मतदानाने मंजूर झाले. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण त्या दिवशी किती या बाजूला आणि किती त्या बाजूला, हे मुलांना सांगायला आमच्याजवळ आकडा नाही. मोजणी होते तेव्हा सभासदाला आपली बाजू उघड करावी लागते. २३ जुलै २०१९ रोजी कुमारस्वामी सरकारचा विश्वासदर्शक ठराव ९९ विरुद्ध १०५ असा पडला, तेव्हा विधानसभेत रांगेरांगेने उभे करून मोजले होते. आमच्या मते, जमिनीसारख्या विषयावर तरी मोजूनच मत घ्यावे.

परिषदेचा अडसर किती टिकतो तेही पाहा. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी हिंदू धार्मिक संस्थांबाबतचे दुरुस्ती विधेयक परिषदेने फेटाळले. २९ फेब्रुवारीला विधानसभेने ते पुन्हा मंजूर केले. राज्यघटनेच्या कलम १९७ प्रमाणे परिषद साधे विधेयक लांबवू शकते, कायमचे रोखू शकत नाही.

आणि ही परिषद आपल्यापासून दूर नाही. ७५ पैकी ७ सभासद शिक्षक निवडतात, ७ पदवीधर. उत्तर कन्नड, धारवाड, गदग आणि हावेरी मिळून पश्चिम शिक्षक मतदारसंघ होतो. बसवराज होरट्टी १९८० पासून तिथून निवडून येत आले आहेत. हायस्कूलच्या शिक्षकांचे मत तिथे पडते, पदवीधर पालकांचे पदवीधर मतदारसंघात. त्यासाठी मात्र यादीत नाव नोंदवावे लागते.

दहावीच्या मुलांना या वर्षीचा उपक्रम असा : बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात हिवाळी अधिवेशन भरेल तेव्हा वर्तमानपत्रातून रोज चार गोष्टी टिपायच्या. विधेयकाचे नाव, सभागृह, तारीख, आणि मत आवाजी की मोजून. कन्नड पेपरात विधेयकाला ‘मसूदे’ म्हणतात. आपल्या मराठीतला मसुदा म्हणजे नुसता कच्चा खर्डा, तेव्हा घोटाळा करू नये. वह्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.