पल्ल्याची धाव : उत्साहाकडून नेमाकडे

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये शेतकरी घरांतील काही तरुण अनवाणी पायांनी लांब पल्ल्याची शर्यत धावले. धावण्याचे शास्त्र त्यांना कोणी शिकविले नव्हते. तरीही त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेच्या जवळपास जाते, ही गोष्ट जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या ध्यानात आली. पुढील वर्षी ॲन्टवर्पच्या ऑलिंपिकला जो छोटासा भारतीय संघ गेला, त्याचे मूळ या मैदानात होते. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन शर्यतीत १९ वे आले.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पल्ल्याच्या धावेची ही परंपरा पुढेही खंडित झाली नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळविले. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या ३,००० मीटर अडथळा शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक पटकाविले. साबळे यांची हकिगत आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे. शाळेसाठी रोज सहा किलोमीटरची वाट तुडविणारा हा मुलगा स्पर्धात्मक धावण्याकडे वळला तो सैन्यात दाखल झाल्यानंतर, २०१५ च्या सुमारास. पुढे दुखापतीमुळे सराव थांबला, वजन वाढले. ते उतरवून त्यांना पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागला. असा आरंभ ज्यांना करावयाचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण आला, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झालेला कार्यालयीन कर्मचारी आला आणि दिवसभर वर्गात उभे राहूनही आपला पुरेसा व्यायाम होत नाही हे उमगलेली शिक्षिकाही आली.

आरंभ सोपा, तिसरा आठवडा अवघड

धावण्याचा संकल्प सोडणारे लोक बहुधा पहिल्या दिवशी सोडत नाहीत. पहिले आठ-दहा दिवस नवलाईचे असतात. नवे बूट, पहाटेचा गारवा, घरच्यांचे कौतुक यांवर ते निभावतात. नंतर नवलाई ओसरते, पण शरीरात दिसण्याजोगा बदल अजून झालेला नसतो. वजनाचा काटा जिथल्या तिथे असतो, पोटऱ्या मात्र दुखू लागलेल्या असतात. श्रम समोर उभे आणि फळ दूर, अशी ही स्थिती. ‘माझ्यात चिकाटीच नाही’ असा निष्कर्ष माणूस याच वेळी काढतो. वास्तविक दोष चिकाटीचा नसून अपेक्षेचा असतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. ९६ व्यक्तींनी एक नवी सवय निवडली आणि बारा आठवडे तिची रोज नोंद ठेवली. कृती विचार न करता आपोआप घडू लागण्यास लागणारा काळ मध्यमानाने ६६ दिवस भरला. मात्र कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. व्यायामाच्या सवयीला पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयीपेक्षा अधिक दिवस लागतात, हेही दिसून आले. म्हणजे एकविसाव्या दिवशी जड वाटणे हे अपयश नव्हे; दोन तृतीयांश वाट अजून शिल्लक आहे, एवढाच त्याचा अर्थ. याच अभ्यासात असेही आढळले की, एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. आपल्याकडे मात्र एक दिवस खंड पडला की ‘आता सोमवारपासून’ म्हणण्याची रीत आहे, आणि तो सोमवार पुष्कळदा दिवाळीनंतर उगवतो.

शरीराचा हिशेब

उत्साहाचा दुसरा शत्रू म्हणजे दुखापत, आणि ती येते नेमकी बरे वाटू लागल्यावर. नियमित धावू लागल्यावर काही आठवड्यांतच श्वास सुधारतो, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे वाढते. परंतु हाडे, आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा, यांना बळकट होण्यास महिने लागतात. दम टिकतो म्हणून माणूस अंतर एकदम दुप्पट करतो आणि नडगी किंवा गुडघा धरून बसतो. नंतर विश्रांती, नंतर आळस, नंतर विसर, असा हा क्रम ठरलेला आहे.

म्हणून आरंभ चालण्यापासून करावा. पहिले तीन-चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास भरभर चालावे. त्यानंतर त्याच अर्ध्या तासात एक मिनिट हळू धावणे व दोन मिनिटे चालणे अशी फिरती ठेवावी आणि दर आठवड्याला धावण्याचा भाग थोडा वाढवावा. वेगाची कसोटी एकच. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. हा सल्ला तरुणांना मानहानिकारक वाटतो. पण मोठे धावपटूसुद्धा आपल्या सरावाचा बराचसा भाग अशाच सोप्या वेगाने करतात. न थांबता अर्धा तास धावता येऊ लागले, की आठवड्यातील एक दिवस, सोयीने रविवार, लांब धावेसाठी राखून ठेवावा. दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करून शरीराला उसंत द्यावी. या गतीने सुदृढ माणूस चार-पाच महिन्यांत दहा किलोमीटर धावू शकतो. २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनला आणखी तेवढाच काळ द्यावा. पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर पहिल्या वर्षी मनातही आणू नयेत, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी आरंभापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. धावताना छातीत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, जबडा किंवा डावा हात भरून येणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबावे व दवाखाना गाठावा. येथे चिकाटी दाखवू नये. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयापूर्वीच सराव आटोपावा. रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे आणि अंगात पांढरा सदरा असावा.

ज्यांना शर्यतीत रस नाही, त्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे की, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम सांगितला आहे. वर दिलेला पहिल्या महिन्याचा क्रम यातील किमान मर्यादा गाठून देतो.

दिंडीची रीत

आळंदीहून पंढरपूरला पालखीबरोबर पायी जाणाऱ्यांत साठी-सत्तरीची माणसे मोठ्या संख्येने असतात. सुमारे अडीचशे किलोमीटरचा हा प्रवास त्यांना कसा साधतो? भक्ती हे उत्तर खरेच आहे. पण व्यवस्थेकडेही पाहावे. मुक्काम ठरलेले, निघण्याची वेळ ठरलेली, दिंडीतील जागा ठरलेली. आज चालावे की न चालावे, हा प्रश्न सकाळी कोणी स्वतःला विचारत नाही, कारण शेजारचा उठलेला असतो. पंढरपूरही रोज डोळ्यांपुढे ठेवावे लागत नाही. पुढचा मुक्काम तेवढा गाठावयाचा असतो.

पल्ल्याच्या धावेला हीच रीत लागू पडते. ‘उद्यापासून धावेन’ हा संकल्प ढिला आहे. ‘साडेपाचला दूध आले की बूट घालून मारुतीच्या पारापर्यंत जाईन’ हा पक्का आहे, कारण त्याला वेळ, खूण आणि ठिकाण आहे. एखाद्या दिवशी अगदीच जिवावर आले तर दहाच मिनिटे जावे. अंतर बुडाले तरी वेळ बुडू नये. सोबती मिळाल्यास उत्तम, मात्र तो आपल्याच वेगाचा असावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत धावलेली मिनिटे लिहावीत. वजनाच्या काट्यापेक्षा ही नोंद अधिक प्रामाणिक असते व मन खचल्यावर तीच आधार देते.

पोलीस भरतीच्या उमेदवारांविषयी थोडे वेगळे लिहिणे अवश्य आहे. मुलांना १,६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावयाचे असल्याने जाहिरात निघाल्यावर सराव सुरू करण्याची आणि पहिल्याच दिवशी घड्याळ लावण्याची घाई सर्वत्र दिसते. वर्षभर सोप्या धावेचा पाया घातलेल्या उमेदवाराला शेवटच्या काही आठवड्यांत वेग आणता येतो. पाया नसलेल्याची नडगी मात्र ऐन परीक्षेच्या वेळी दगा देते, आणि वयाची मर्यादा जवळ आलेल्या मुलासाठी ते केवळ दुखणे राहत नाही.

शाळा आणि ग्रामपंचायत

आपल्या शाळांतील एक प्रथा बंद व्हावयास हवी. गृहपाठ केला नाही, मार मैदानाला पाच फेऱ्या! जी गोष्ट आपण शिक्षा म्हणून देतो, तिची आवड मूल मोठेपणी कोठून आणणार? त्याऐवजी आठवड्यातून दोनदा, क्रमांक न लावता, सगळ्या वर्गाने शिक्षकांसह गप्पा मारता येतील अशा वेगाने वीस मिनिटे धावावे. मागे राहणाऱ्याला कोणी हसणार नाही, एवढी काळजी घेतली म्हणजे पुरे.

ग्रामपंचायतीला यासाठी मोठा निधी लागत नाही. पंचायत कार्यालयापासून एखाद्या कमी वर्दळीच्या गावरस्त्यावर दर ५०० मीटरला चुन्याची किंवा रंगाची खूण केली, तरी आज आपण किती धावलो हे प्रत्येकाला कळते. शाळेचे मैदान पहाटे दोन तास उघडे ठेवावे. महिलांच्या बाबतीत प्रश्न इच्छेचा कमी आणि उजेडाचा अधिक असतो. त्या वाटेवरील दिवे सूर्योदयापर्यंत चालू राहतील, कडेची झुडपे तोडलेली असतील आणि मोकाट कुत्र्यांचा उपद्रव आटोक्यात असेल, तर शिक्षिका, अंगणवाडी सेविका व बचत गटातील भगिनी यांचा गट जमण्यास वेळ लागत नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होत आली आहे आणि साताऱ्याची डोंगरवाटेवरील अर्धमॅरेथॉन २०१२ पासून. परंतु गावाने आपली दहा किलोमीटरची धाव स्वतःच ठरविली तर ती अधिक जवळची वाटेल. ती २६ जानेवारीला ठेवावयाची असल्यास पहिला चालण्याचा आठवडा ऑगस्टच्या मध्यापर्यंत सुरू झालेला असावा. तेव्हा पाऊस असतो, वाटा निसरड्या असतात. त्यामुळे रस्त्यावरील खुणा मात्र पाऊस उघडल्यावरच काढाव्यात, अन्यथा त्या वाहून जातील.