वकील शोधावा कसा?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घरांत इतकी मुरली आहे की पोलिसांनी कोणाला नेले की आधी रडारड होते, वकील आठवतो दुसऱ्या दिवशी. वास्तविक २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक राज्य विधी विद्यापीठ आपल्या नवनगरातच आहे, आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ धारवाडला.

विद्यार्थी मित्रांनो, अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ ने दिला आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावेच लागते. घरच्यांच्या हाती एवढाच वेळ. त्यात आधी एफआयआरची प्रत मिळवावी. कलमे कळल्याशिवाय वकीलही नीट सांगू शकत नाही.

वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यामुळे चौकशी करूनच जावे लागते. शेतीच्या वाटणीचा दावा लढलेले ओळखीचे वकील असतील तर त्यांनाच विचारावे, "तुमच्या भावावर वेळ आली तर फौजदारीसाठी कोणाकडे पाठवाल?" ठाण्याच्या दारात 'जामीन हमखास' म्हणणाऱ्यापासून आम्ही तरी दूरच राहू. फी जामिनापुरती की खटला संपेपर्यंत, हे आधी ठरवून पावती घ्यावी. कागद कानडीत असतात. वकीलपत्रासह प्रत्येक कागद मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये, कोऱ्यावर तर नाहीच.

पैसे नसले तरी अडत नाही. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००.

पण वकीलच नाही म्हणाले तर? हे आपल्याच गावात घडले. फेब्रुवारी २०२० मध्ये हुबळीत इंजिनिअरिंगच्या तीन काश्मिरी विद्यार्थ्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, आणि त्यांचे वकीलपत्र कोणी घेऊ नये असा ठराव हुबळीच्या वकील संघाने केला. मुलांवर राग असणे समजण्यासारखे होते. पण असे ठराव बेकायदेशीर आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले होते. बेंगळुरूच्या काही वकिलांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. तेव्हा कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती आपले मराठी अभय ओक होते. त्यांच्या खंडपीठाने ठरावावर कडक ताशेरे ओढले आणि त्या मुलांच्या वकिलांना पोलीस संरक्षण द्यायला लावले. ते बंदोबस्तात धारवाडच्या न्यायालयात आले, तरी त्यांच्याविरुद्ध घोषणा झाल्याच.

कायद्याने आरोपपत्राला, गुन्ह्यानुसार, ६० किंवा ९० दिवसांची मुदत असते. ती टळली तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो, मात्र तो मागावा लागतो. जून २०२० मध्ये त्या तिघांना हुबळीच्या न्यायालयाने याच कारणावरून जामीन दिला. दिवस मोजून वेळेवर अर्ज करणारे कोणीतरी त्यांच्या बाजूला होते.