आधी ग्रुप, मग क्लिक

चि. सोनू,


‘आता बाकी सगळं बंद, फक्त नीट परीक्षेवर झिरो इन करणार,’ हा तुझा मेसेज वाचला. ठरवलंस ते उत्तम. पण ‘झिरो इन’ हा शब्द मूळचा आम्हा बंदूकवाल्यांचा, म्हणून तो प्रत्यक्षात कसा करतात ते सांगतो.

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नुसते डोळे ताणून तो साधत नाही. सामन्याआधी सरावाच्या गोळ्या मिळतात. आम्ही त्यांना सायटर म्हणतो. चार-पाच मारायच्या आणि त्यांचा ग्रुप, म्हणजे पुंजका, कुठे आणि कसा पडला ते पाहायचं. सगळ्या एकाच जागी, पण डावीकडे गेल्या असतील तर हात स्थिर आहे, रायफलवरची नेम धरायची साइट सरकली आहे. तिचा नॉब फिरवून दोन क्लिक दिले की झालं. चहूकडे विखुरल्या असतील तर साइटला हातही लावायचा नाही. दोष उभं राहण्यात, श्वासात किंवा ट्रिगरवरच्या बोटात असतो. एका गोळीवरून तर काहीच ठरवायचं नाही.

२००८ साली बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीआधी नेमबाज अभिनव बिंद्राच्या सरावाच्या गोळ्या भलतीकडेच जात होत्या. तो डगमगला नाही. साइट जुळवून घेतली आणि शेवटची गोळी १०.८ मारून सुवर्णपदक जिंकलं.

तुझे सराव पेपर तू असेच तपास. एका पेपरात मार्क घसरले म्हणून लगेच पुस्तकं, क्लास, वेळापत्रक बदलू नकोस. चार-पाच पेपरांतल्या चुका एकत्र मांड. त्या एकाच धड्यात साचल्या असतील तर तेवढा धडा पक्का कर. सगळ्या विषयांत पसरल्या असतील तर आधी झोप आणि प्रश्न वाचण्याची घाई यांकडे बघ.

आणखी एक. नेम धरून फार वेळ थांबलं की डोळा थकतो, नळी हलायला लागते. अशा वेळी चांगला नेमबाज ट्रिगर ओढत नाही. रायफल खाली घेतो, दम घेतो आणि पुन्हा उचलतो. रात्री अक्षरं डोक्यात शिरेनाशी झाली की तूही पुस्तक मिट. त्यात कमीपणा काही नाही.

पुढचे चार पेपर झाले की चुकांची यादी मला पाठव. मार्क नाही पाठवलेस तरी चालेल.

तुझा,
मामा