पोर्तुगीज भाषेचा एक पाठ : चाकांच्या खुर्चीसाठीं जागा मागणें

दादरच्या गोखले रस्त्यावरील ‘पोर्तुगीज चर्च’चें नांव आपण खुणेकरितां नित्य घेतों, परंतु ती भाषा कानीं पडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तरी चावी, साबण, पाव, बटाटा, पगार हे आपल्या घरांतील शब्द तिनेंच दिलेले आहेत. खुर्चीला ती ‘कादेइरा’ म्हणते. 1961 पर्यंत पोर्तुगीज अमलाखालीं असलेल्या गोमंतकांत कोंकणीनें त्याचें ‘कदेल’ केलें. व्हीलचेअर म्हणजे ‘कादेइरा द रॉदाश’, शब्दशः चाकांची खुर्चीच.

अनेक गोमंतकीयांचे आप्त लिस्बन शहरीं राहतात. समजा, अशाच एका घरची मंडळी तेथें गायनाच्या जलशास निघाली असून आजी चाकांच्या खुर्चीवर आहेत. तिकिटाच्या खिडकीशीं काय म्हणावें?

‘केरीया ऊं लुगार पारा कादेइरा द रॉदाश, पुर फावोर.’

‘लुगार’ म्हणजे जागा, ‘पारा’ म्हणजे साठीं, ‘पुर फावोर’ म्हणजे कृपया. ‘ऊं’ म्हणजे एक. तो नाकांतून म्हणावा, ओठ मिटूं नयेत. ‘रॉदाश’मधील र घशांतून काढावा. ब्राझील देशांत हाच शब्द बहुतेक ठिकाणीं ‘हॉदास’ असा ऐकूं येईल.

‘केरीया’ हें क्रियापद मात्र नीट ध्यानांत घ्यावें. त्याचें रूप भूतकाळाचें, पण अर्थ वर्तमानाचा. इंग्रजीच्या वाटेनें जाणाऱ्यास हें विचित्र वाटतें. मराठी मुलास तें आयतेंच येतें, कारण आपणही दुकानांत ‘मला एक वही हवी होती’ असेंच म्हणतों, आणि कालची वही कोणती असें कोणी विचारीत नाहीं! ‘केरु’, म्हणजे ‘मला हवें’, हें चूक नव्हे. परंतु परक्या माणसाशीं तें जरा तुटक वाटतें.

खुर्ची कोणासाठीं तें सांगावें : ‘ए पारा आ मिन्या आवॉ’, माझ्या आजीसाठीं. शेवटचा स्वर ‘ऑ’ असा मोकळा ठेवावा. ‘आवो’ म्हटलें कीं आजीचे आजोबा होतात.

येथपर्यंत सौजन्य झालें. खरी अडचण पुढेंच आहे. राखीव जागा पुष्कळदां एका कोपऱ्यांत असते, आणि घरचीं माणसें चार रांगा पुढें बसतात. परभाषेच्या काळोख्या सभागृहांत आजींनीं एकटें कां बसावें? म्हणून लगेच जोडावें : ‘कों लुगार आउ लादु पारा उ आकोंपान्यांत’, सोबत्यासाठीं शेजारीं जागेसह. ही भीक नव्हे. ब्राझीलच्या 2015 च्या कायद्यानें नाट्यगृहांतील अशा जागेपाशीं सोबत्याची सोय आवश्यक केली आहे. पोर्तुगालच्या 2006 च्या कायद्यानें सभागृहांतील अशा जागांचें प्रमाण ठरवून दिलें. आपल्याकडेही 2016 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे. तेव्हां आजींच्या दुखण्याची कहाणी खिडकीवर सांगत बसण्याचें कारण नाहीं.

‘खुर्ची आंत जाईल का?’ एवढेंच विचारल्यास भला कारकून ‘सीं’, म्हणजे होय, म्हणेल. आणि दारांत एक पायरी निघेल. चालणाऱ्यास एक पायरी म्हणजे कांहींच नाहीं. जड खुर्चीस ती भिंत होते. यास्तव पायऱ्यांचीच चौकशी करावी : ‘आ दग्राउश ना एंत्रादा?’, प्रवेशद्वारीं पायऱ्या आहेत का? उत्तर ‘सीं’ आलें तर ‘क्वांतुश?’, किती? मग ‘रांपा’, म्हणजे उतरंड, किंवा ‘एलेवादोर’, म्हणजे उद्वाहक, यांपैकीं एखादा शब्द कानीं पडतो का तें पाहावें. शेवटीं मुलानें ‘ओब्रिगादु’ व मुलीनें ‘ओब्रिगादा’ म्हणून आभार मानावेत.

स्वाध्याय : गिरगांवचें साहित्य संघ मंदिर अथवा दादरचें शिवाजी मंदिर येथें नाटकास जाल तेव्हां रस्त्यापासून आसनापर्यंतच्या पायऱ्या मोजा. ऊं, दोइश, त्रेश, क्वात्रु, सींकु : पांचांच्या पुढें गेल्यास मराठींत मोजावें. वाटेंत उतरंड किंवा उद्वाहक आढळल्यास तेंही वहींत टिपून ठेवा.