माळवदाचे घर

मराठवाड्यातील जुन्या गावांच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लावून उभी असलेली माळवदाची घरे आजही आढळतात. बाहेरून पाहावे तर दगडमातीची जाड भिंत. आत शिरावे तर चौक, ओसरी आणि लाकडी खांबांच्या रांगा. दोन खांबांमधील जागेस खण म्हणत, आणि घर केवढे, हे खणांवरून सांगत. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर, असे हे माळवद. बाहेर ऊन रणरणत असले, तरी आत गारवा राही. दिवसा माळवदावर डाळी वाळत. उन्हाळ्याच्या रात्री माणसे तेथेच अंथरुणे घालीत.

परंतु हीच घरे एके पहाटे काळ ठरली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतर लोक गाढ झोपेत असताना, लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर व शेजारच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली.

तेव्हापासून जुन्या घरांची लोकांना धास्ती वाटू लागली. ती स्वाभाविकच होती. मात्र तज्ज्ञांनी ढिगारे तपासले, तेव्हा खरी कारणे कळली. चिखलात गोटे रचून केलेल्या भिंतींत दोन्ही अंगे सांधणारे लांब दगड नव्हते; म्हणून त्या दुभंगल्या. वर्षानुवर्षे मातीवर माती पडून माळवदे जड झाली होती. याउलट, जेथे खांब व तुळया घट्ट जोडलेल्या होत्या, तेथे पुष्कळदा भिंत ढासळली तरी माळवद खांबांवरच तोलून राहिले.

म्हणजे जुन्या सुतारांच्या कसबात मोठे शहाणपण होते. उणीव होती ती भिंतींच्या बांधणीत आणि मातीच्या भारात. माळवदाची माती कमी करावी, भिंतींत आरपार दगड बसवावेत, खांब व तुळया तिरप्या लाकडांनी जखडाव्यात, असे उपाय अभियंत्यांनी सुचविले.

पूर्वजांचे घर हा आपला वारसा आहे. त्यातील चांगले ओळखून राखावे, उणे असेल ते सुधारावे. म्हणजे वारसाही टिकतो आणि त्याच्या छायेत राहणारी माणसेही सुखरूप राहतात.

स्वाध्याय
१. खण कशास म्हणत?
२. भूकंपात भिंती का दुभंगल्या?
३. तुमच्या गावातील एखादे जुने घर पाहून त्याचे वर्णन लिहा.