आधी गा, मग सजव

चि. मनू,


तू पाठवलेले अभंगाचे टेक ऐकले आणि रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधली फाइलही उघडून पाहिली. ठेक्याबरोबर गाताना सारखं मागे पडल्यासारखं वाटतं, असं तू लिहिलंयस. प्रत्यक्षात उलटं घडलंय. मुखड्याचं पहिलं अक्षर तबल्याच्या समेशेजारी मोठं करून पाहिलं, तर ते समेच्या आधी लागलंय. अंतऱ्यात तू आणखी पुढे गेलीस. तुझी लय कच्ची आहे असं मनातही आणू नकोस. हेडफोनमध्ये तुझाच आवाज तुला उशिरा ऐकू येतोय आणि तो ठेक्यावर बसवायला तू नकळत घाई करतेस. चांगल्या लयीच्या गायकाचं असंच होतं, कारण त्याला ती फट सहन होत नाही.

आता ती फट किती, ते बघ. तुझा बफर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, १०२४ सॅम्पल्सवर आहे. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल्स म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद. आवाज आत जाताना एकदा आणि बाहेर येताना पुन्हा एकदा एवढा वेळ जातो. त्यात माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसच्या कन्व्हर्टरचा आणि ड्रायव्हरचा थोडा वेळ मिळवला की एकूण उशीर ५० मिलिसेकंदांच्या आसपास जातो. भजनी ठेका मिनिटाला १२० मात्रांच्या गतीने धरला, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते, म्हणजे तू मात्रेच्या दहाव्या हिश्श्याने मागे ऐकतेस. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. त्या हिशेबाने तुझा आवाज सतरा मीटरवरून तुझ्याकडे येतोय असं समज. इतक्या लांब तबलजी बसवून कुणी गाईल का?

वर प्लग-इनची भर. तुझ्या आवाजाच्या ट्रॅकवर सूर सुधारणारं प्लग-इन आणि लिमिटर आहे, मास्टरवर लिनिअर-फेज इक्वलायझर आहे. लिमिटरला पुढचा आवाज आधी पाहावा लागतो, त्यासाठी तो सगळंच थोडं थांबवून ठेवतो. लिनिअर-फेज इक्वलायझर तर त्याहून खूप जास्त थांबवतो. रीपरमध्ये प्लग-इनच्या खिडकीच्या तळाशी सॅम्पल्सचा आकडा दिसतो, तो वाचायची सवय लाव. शून्य असेल तर गाताना चालेल. शेकड्यांत किंवा हजारांत असेल, तर रेकॉर्डिंग संपेपर्यंत बंद. ऐकताना सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे सरकवून सगळं जुळवून घेतं, म्हणून हा उशीर लक्षात येत नाही. पण तू गात असतानाचा आवाज त्याला पुढे सरकवता येत नाही, कारण तो अजून यायचाय.

सूर सुधारणारं प्लग-इन मात्र उशीर शून्य असला तरी गाताना लावू नकोस, हे मी आग्रहाने सांगतो. मींड घेताना तुझा गळा एका सुरावरून दुसऱ्यावर जातो, तेव्हा ते यंत्र मधल्या जागेला जवळच्या सुरावर ओढतं. कानात तयार सूर आला की गळा स्वतः शोधायचं सोडून देतो. तुझ्या गुरुजींनी तानपुऱ्यावर जे कमावून दिलंय, ते अशा सोयीपायी ढिलं पडू देऊ नकोस.

मग करायचं काय? तुझ्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण आहे, ते चालू कर. आता माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येईल. त्याच वेळी रीपरमधून आवाज परत येता कामा नये, नाहीतर एक थेट आणि एक उशिराचा असे दोन आवाज एकत्र ऐकू येतील. तसंही आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतून तत्काळ ऐकू येतोच. त्यात काही मिलिसेकंद उशिराची प्रत मिसळली की काही कंपनं एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. उशीर कमी असला तरी हा दोष राहतो, म्हणून थेट ऐकणं केव्हाही बरं.

कोरडा आवाज ऐकत गाता येत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. थोडा गुंजारव असल्याशिवाय सूर मोकळा लागत नाही. त्यावर उपाय आहे. आवाजाच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू ठेव, पण त्याची मास्टरकडची वाट बंद कर आणि फक्त रिव्हर्बच्या ट्रॅककडे पाठव. रिव्हर्बमध्ये कोरडा आवाज पूर्ण खाली, फक्त गुंज वर. आता मूळ आवाज इंटरफेसमधून लगेच येतो आणि गुंज दहा-पंधरा मिलिसेकंद मागून. मोठ्या दालनात भिंतीवरून आवाज परत यायला वेळ लागतोच, तो उशीर इथे आपल्या पथ्यावर पडतो. आणि ही गुंज टेकमध्ये उमटत नाही.

यासाठी बफर १२८ वर आण. कडकड आवाज आला तर २५६. ती कडकड टेकमध्येही उतरू शकते, तेव्हा दुर्लक्ष करू नकोस. वायफाय बंद ठेव, लॅपटॉप चार्जरवर ठेव, इंटरफेस हबमधून न जोडता थेट जोड. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर निवड. आणि ब्लूटूथचे इयरफोन रेकॉर्डिंगला अजिबात नकोत, त्यांचा उशीर कुठल्याही बफरने कमी होत नाही.

ही अडचण संगणकानेच आणली असं समजू नकोस. टेपवर रेकॉर्ड करणारं हेड आणि ऐकवणारं हेड यांच्यात अंतर असे, त्यामुळे आधीचा ट्रॅक ऐकत नवा भरला की तो मागे पडे. १९५० च्या दशकात अँपेक्स कंपनीने रेकॉर्डच्याच हेडवरून जुना ट्रॅक ऐकवायची सोय केली, तेव्हा कुठे ते जुळलं. गायकाला काय आणि कधी ऐकू येतं याची काळजी आमच्या धंद्यात तेव्हापासून वाहिली जाते.

टेक झाले की बफर परत १०२४ वर ने आणि हवी ती प्लग-इन लाव. तेव्हा उशिराने कुणाचंच बिघडत नाही.

शेवटी एक तपासणी. डायरेक्ट मॉनिटरिंग आणि ट्रॅकचं मॉनिटरिंग दोन्ही बंद करून इंटरफेसच्या लाइन आउटपुटमधून इनपुटमध्ये वायर जोड. एका ट्रॅकवरची टिकटिक वाजव आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड कर. दोन्ही लाटा मोठ्या करून सुरुवात जुळते का बघ. ४४ सॅम्पल्सचा फरक म्हणजे एक मिलिसेकंद. फरक दिसला तर प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओच्या रेकॉर्डिंग विभागात तो आकडा भरता येतो. पण भरायच्या आधी मला कळव, आपण फोनवर बरोबर बसून करू. मग अंतरा पुन्हा गा आणि वेव्ह फाइल पाठव. व्हॉट्सॲपवर नको, त्यात आवाज दाबला जातो.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा