लिनक्सवर घडणारी विंडोजची आज्ञावली

शाळेतील संगणकावर लिनक्स आणि पंचायतीच्या कार्यालयातील संगणकावर विंडोज अशी स्थिती असली की, एक अडचण उभी राहते. शिक्षकाने लिनक्सवर तयार केलेली हिशेबाची आज्ञावली कार्यालयात नेली, तर ती तेथे चालत नाही. दोन्ही संगणकांचे प्रोसेसर एकाच जातीचे असले तरी हे घडते. कारण लिनक्सवरील आज्ञावलीची बांधणी 'ईएलएफ' पद्धतीची असते, तर विंडोजला 'पीई' पद्धतीची बांधणी लागते. शिवाय फाईल उघडणे, पडद्यावर खिडकी दाखविणे यांसारखी कामे प्रणालीकडून करून घेण्याच्या रीतीही निराळ्या आहेत. या अडचणीवरील एक मार्ग म्हणजे क्रॉस-कंपायलर होय.

क्रॉस-कंपायलर म्हणजे काय?

'सी'सारख्या भाषेत लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या साधनास कंपायलर म्हणतात. सामान्य कंपायलर ज्या प्रणालीवर चालतो, तिच्यासाठीच आज्ञावली घडवितो. क्रॉस-कंपायलर मात्र एका प्रणालीवर चालतो आणि दुसरीसाठी आज्ञावली घडवितो. पहिलीस यजमान व दुसरीस लक्ष्य म्हणता येईल.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये 'जीसीसी' हा मुक्त कंपायलर प्रसिद्ध केला. त्याच्या साहाय्याने विंडोजच्या आज्ञावल्या घडविता याव्यात, म्हणून १९९८ च्या सुमारास 'मिंगडब्ल्यू' हा प्रकल्प सुरू झाला. २००७ मध्ये त्यातून 'मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४' ही शाखा निघाली आणि ६४ बिटच्या विंडोजसाठीही सोय झाली. व्हीएलसी या सुपरिचित चित्रफीत-वादकाची विंडोजसाठीची आवृत्ती याच साधनाने लिनक्सवर घडविण्यात येते.

उभारणी

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर ही उभारणी सोपी आहे. 'एपीटी' या साधनास 'मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४' हा संच बसविण्याची आज्ञा दिली की, तीन गोष्टी एकत्र येतात: विंडोजसाठी घडविणारा जीसीसी, तुकडे जोडून 'पीई' फाईल तयार करणारी साधने, आणि विंडोजच्या सेवांची ओळख करून देणाऱ्या हेडर फाईली व लायब्रऱ्या.

यानंतर नेहमीच्या 'जीसीसी' या आज्ञेऐवजी तिच्या नावाआधी लक्ष्याचे नाव जोडलेली आज्ञा द्यावयाची. ६४ बिटच्या विंडोजसाठी हे नाव 'एक्स८६_६४-डब्ल्यू६४-मिंगडब्ल्यू३२' असे आहे. त्यातील ३२ हा आकडा जुन्या नावाचा अवशेष असून त्याने गोंधळून जाण्याचे कारण नाही. तयार फाईलच्या नावाअखेर 'ईएक्सई' लावावे. कार्यालयातील संगणकावर 'डीएलएल फाईल सापडत नाही' अशी सूचना आली, तर जोडणीच्या वेळी 'स्टॅटिक' हा पर्याय द्यावा. त्यामुळे कंपायलरच्या आवश्यक लायब्रऱ्या आज्ञावलीतच सामावल्या जातात.

दक्षतेच्या जागा

आज्ञावली बिनतक्रार घडली, म्हणजे ती बिनचूक आहे असे मात्र समजू नये. ६४ बिटच्या लिनक्सवर 'सी' भाषेतील 'लाँग' ही संख्या ८ बाइटची असते. विंडोजवर ती ४ बाइटचीच असते. ४ बाइटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ आहे. हिशेब पैशांत ठेवला, तर ही मर्यादा २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे एवढी होते. पंचायत समितीच्या वार्षिक हिशेबाची बेरीज याहून पुढे गेली, तर लिनक्सवर बरोबर येणारा आकडा विंडोजवर उणे दिसू शकतो, आणि तोही कोणतीही सूचना न देता. अशा ठिकाणी 'लाँग'ऐवजी 'इंट६४_टी' हा नेमक्या ८ बाइटचा प्रकार वापरणे श्रेयस्कर होय.

दुसरी दक्षता देवनागरीची. लिनक्सवर फाईलचे मराठी नाव सामान्यतः 'यूटीएफ-८' या संकेतात असते. विंडोज आतून 'यूटीएफ-१६' वापरते. 'सी' भाषेतील साधे 'एफओपन' तेथे मराठी नाव ओळखेलच असे नाही. त्यासाठी विंडोजचे रुंद अक्षरांचे फंक्शन वापरावे लागते.

पडताळणी

प्राथमिक तपासणी लिनक्सवरच 'वाइन' या साधनाने करता येते. १९९३ मध्ये सुरू झालेले हे साधन विंडोजच्या आज्ञावल्या लिनक्सवर चालविते. तथापि अखेरची परीक्षा प्रत्यक्ष विंडोजवरच झाली पाहिजे. मर्यादेहून मोठी एखादी रक्कम आणि मराठी नावाची एखादी फाईल घेऊन दोन्ही प्रणालींवरील उत्तरे ताडून पाहावीत. ती जुळल्यावरच आज्ञावली कार्यालयाच्या हाती द्यावी. क्रॉस-कंपायलर भाषांतराचे काम चोख करतो. हिशेबाची जबाबदारी मात्र तो घडविणाऱ्याकडेच राहते.